बाईंची बोट आणि मंत्र्यांचा उशीर

"पोहता येतं का गं तुला?"

भाड्याने खोली बघायला आलेल्या मुलीला कोणी हा प्रश्न विचारतं का? नोकरी कुठे, लग्न ठरलंय का, मांसमच्छी खातेस का, या सगळ्याची उत्तरं मी बसमध्ये घोकून आले होते. आणि ही घरमालकीण दारातच उभी राहून पोहण्याचं विचारत होती. मी साताऱ्याकडची, कृष्णेच्या डोहात उड्या मारत मोठी झालेली. म्हटलं, "येतं की."

"बिल्कुल ठीक. मग सामान घेऊन ये."

झालं, मुलाखत संपली. भाडं, पाण्याची वेळ, फाटकाची किल्ली, हे सगळं त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मागाहून सांगितलं. आणि हेही सांगितलं की आधीचा भाडेकरू फार सज्जन होता हो, पण त्याला पाण्याची भीती वाटायची.

नव्वदच्या दशकातलं गुडगाव ते. आज तिथे काचेचे मनोरे आहेत. तेव्हा सेक्टरांना नंबर पडले होते आणि रस्ते अजून पडायचे होते. चार घरं, मग रिकामे प्लॉट, मग नीलगायी. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी मी रोज चार्टर्ड बसने दिल्लीला जायची आणि संध्याकाळी नाकातोंडात धूळ घेऊन परत यायची. गच्चीवरची बरसाती, म्हणजे तिथली एकुलती खोली, माझी. खाली बाई आणि काका. आणि तळाला गॅरेज, जे गाडीसाठी बांधलं होतं, पण गाडी बिचारी बाहेर उन्हात ताडपत्री पांघरून उभी असायची. आत बोट होती.

बोट म्हणजे खेळण्यातली नव्हे. उभी केली तर माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब. काठावर उभं राहून हातातल्या रेडिओच्या डब्याने चालवायची, शर्यतीची, विजेवर पळणारी बोट. प्लायवुडच्या फासळ्या, वरून फायबरग्लास, आणि मोटर जामा मशिदीजवळच्या भंगार बाजारातली, कुठल्याशा जुन्या विमानातून निघालेली. त्या दिवसांत दिल्लीच्या ऑफिसांत कंप्यूटर येत होते, आणि त्यांच्या मागोमाग लाइट गेल्यावर त्यांना जगवणारे यूपीएस. त्या यूपीएसमधल्या काळ्या, विटेसारख्या जड बॅटऱ्या बाईंनी बोटीत बसवल्या होत्या. पितळेचा पंखा त्या स्वतः कानशीने घासायच्या. रविवारी दुपारी माझ्या डोक्याखाली ती खर्र खर्र चालायची आणि मी उशी कानावर घेऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

बाई शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. ठेंगण्या, अंगावर शाळेच्या लॅबमधलाच जुना एप्रन, चष्मा दोरीने गळ्यात, केसांत कुठेतरी रेझिनचा वाळलेला ठिपका. जन्म करोलबागेतला, वडील सरकारी नोकरीत. घरात मराठी अगदी पुणेरी बोलायच्या, पण हत्यारं हातात आली की सगळी भाषा हिंदी. आरी, हथौडी, पेचकस, रेगमाल. काकांनी एकदा म्हटलं, "ती करवत जरा बाजूला ठेव, पाय कापेल कुणाचा." तर बाई म्हणाल्या, "करवत? अच्छा, आरी!" काका पुण्याचे. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी तसंच मुठेच्या पाण्यातलं, आणि ते बायकोच्या मराठीला नावं ठेवायचे. संसार मजेत चालला होता म्हणायचा.

बाईंसमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. मी एकदा म्हटलं, "बाई, आज पाणी येईल बहुतेक." त्या वळून म्हणाल्या, "बहुतेक म्हणजे नाही. येणार आहे का नाही, ते बोल." ऑफिसात त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडून 'बहुतेक' निघालं की मीच दचकायची. सरकारी ऑफिसात हा शब्द न वापरता काम करून बघा, म्हणजे कळेल काय हाल झाले माझे.

एका सकाळी आंघोळीच्या पाण्याला ग्रीसचा वास यायला लागला. बादलीवर इंद्रधनुष्यासारखे तेलाचे तवंग. तणतणत बाहेर आले तर गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीचं झाकण उघडं, आणि बाई टाकीत वाकून बोट तरंगवतायत.

"बाई! मी ह्याच पाण्याने आंघोळ करते!"

"अगं, डावीकडे झुकतेय बघ. बॅटरी दोन बोटं सरकवायला हवी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "तुझी आंघोळ झाली का?"

"अर्धी!"

"मग उरलेली अर्धी खाली येऊन कर. काकांना गरम पाणी ठेवायला सांगते."

आता अशा बाईशी भांडायचं कसं? मी खाली गेले, आंघोळ केली, शिवाय पोहेही खाल्ले.

शाळेत त्यांनी आयुष्यभर काय केलं, ते त्या कधीमधी सांगायच्या. लॅबमधली उपकरणं कपाटात कुलूपबंद. फुटलं तर चौकशी होते, म्हणून काढायचीच नाहीत. पाण्यावर वस्तू का तरंगते, हे त्यांनी शेकडो मुलांना खडूने शिकवलं. "फळ्यावरच्या बोटीला कधी भोक पडत नाही गं," त्या म्हणायच्या. "म्हणून तिच्याने काही कळतही नाही."

त्यांच्या बोटीला मात्र भोक पडलं, आणि ते माझ्या देखत. तेव्हा गुडगावात जिकडेतिकडे बिल्डर लोकांनी तळघरांसाठी खड्डे खणून ठेवले होते. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचे आणि पुढे महिनोन् महिने तसेच राहायचे. अशा एका खड्ड्यावर आम्ही तिघं गेलो. चौकीदाराला बाईंनी सांगितलं, "सरकारी टेस्टिंग है." मी सरकारी नोकर बरोबर होते, तेवढाच त्यात खरेपणा. बोट पाण्यात सोडली, बाईंनी डब्यावरची दांडी पुढे ढकलली, आणि काय सांगू, मी बघतच राहिले. आवाज नाही, धूर नाही. नाक वर काढून ती अशी सुटली की मागे पाण्याची शेपटी उठली. काकांच्या तोंडून "अरे!" निघालं. आणि पुढच्याच क्षणी खाड्कन आवाज. पाण्याखाली लोखंडी सळया उभ्या होत्या, पायाच्या. पोट फाटलं आणि बोट गुडुप.

पोहायची वेळ आली होती. मी सलवार खोचली, सळया चुकवत बुड्या मारल्या आणि ती जडशीळ बया वर काढली. मला वाटलं बाई रडतील. बाई काठावर बसल्या, जेवणाचा डबा उघडला, मला पराठा दिला, स्वतः घेतला, आणि भोकात तर्जनी घालून म्हणाल्या, "अच्छा. इथे दोन थर कमी पडले."

दिल्लीत अशा बोटींचा हौशी लोकांचा एक क्लब होता. मोठमोठे लोक, परदेशातून आणलेल्या पेट्रोलच्या बोटी. त्यांच्या अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणायचे. जहाजावर ते कधी चढले होते की नाही देव जाणे, पण पांढरी टोपी असायची. क्लबच्या लॉनवर बाईंनी बोट नेऊन ठेवली. कॅप्टननी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"इंजन कहाँ है?"

"मोटर है. बैटरी से चलती है."

"ओह, इलेक्ट्रिक!" ते प्रेमाने हसले. त्या हसण्याचीच मला चीड आली. "मैडम, वो तो बच्चों की कैटेगरी में आएगा."

  पुढच्या रविवारी बाई पुन्हा क्लबमध्ये हजर. सगळ्यांसमोर कॅप्टनना विचारलं, "आपके नियम में ये कहीं लिखा है क्या, कि आवाज करना ज़रूरी है?" लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि कॅप्टनना मोठ्यांच्या शर्यतीत त्यांचं नाव घालावं लागलं.

पण या शर्यतीवर नुसती अब्रू लागलेली नव्हती. काकांना पुण्याला जायचं होतं. कोथरूडला त्यांच्या भावाच्या शेजारचा तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवला होता. दाराशी मराठी पेपर, कोपऱ्यावर भाजी, संध्याकाळी टेकडी. आणि इथे? दूध आणायला गाडी काढावी लागते, लाइट येते कमी नि जाते जास्त, शेजार म्हणजे नीलगायी. काकांचं काय चूक होतं? काहीच नाही. पण बाईंना पुण्यात नातेवाईक सोडले तर कोणी ओळखत नव्हतं. आणि तिथल्या तळमजल्याला गॅरेज नव्हतं.

एका संध्याकाळी चहाच्या वेळी माझ्यासमोरच हा विषय निघाला. बरंच झालं-गेलं बोलून झाल्यावर काका म्हणाले, "हे बघ, तुझी बोट शर्यत पुरी करून आली ना, तर मी पुण्याचं नाव काढणार नाही."

"पुरी करून नाही," बाई म्हणाल्या. "जिंकली तर राहायचं. नाही जिंकली तर मी निमूटपणे सामान बांधते."

"अगं, कशाला इतकं ताणतेस?"

"मला तुमची सवलत नको."

मी कपात तोंड घातलं. काका इतके कळवळून बघत होते, की आपणच मागितलेलं त्यांना जड झालं असावं.

शर्यत एका नव्या टाउनशिपच्या तळ्यावर होती. बिल्डरने तळं खणलं होतं, टँकरने भरलं होतं, आणि उद्घाटनाला कोणी एक मंत्री येणार होते. मंत्र्यांनी फीत कापायची आणि झेंडा दाखवायचा, मग बोटींनी तीन फेऱ्या मारायच्या. वेळ सकाळी दहाची.

आणि आदल्या दुपारी आमची लाइट गेली. संध्याकाळी आली नाही, रात्री आली नाही, सकाळीही नाही. सरावात दमलेल्या बॅटऱ्या तशाच अर्धमेल्या. शेजारची दुसऱ्या फेजवरची लाइन कधीकधी चालू असायची, तीही मेलेली. सकाळी बाईंनी मीटर लावून पाहिलं, मीटर खिशात ठेवलं. "दोन फेऱ्या होतील," म्हणाल्या. "तिसरी नाही." मग साडीला पिन लावली. "चला."

काका गॅरेजमध्ये गेले आणि चार्जर उचलून डिकीत टाकला.

"तो कशाला? तिथे कुठे प्लग असणार?" मी विचारलं.

"असू दे," काका म्हणाले. "लागला तर."

तळ्यावर शामियाना, लाल गालिचा, फुलांच्या कमानी. माइकवर एक सूत्रसंचालक. शामियान्यामागे माइक आणि पंख्यांसाठी भाड्याचा जनरेटर धडधडत होता. तो आवाज ऐकला आणि काका थांबले. माझ्याकडे बघितलं. मग चार्जर बगलेत मारून जनरेटरवाल्याकडे गेले आणि आपल्या त्या हिंदीत म्हणाले, "भैया, हमको एक प्लग मिलेगा क्या? हमारे मंडळी का बोट है."

त्याला 'मंडळी' काय कळलं असेल कोण जाणे, पण काकांचा चेहरा कळला असावा. त्याने प्लग दिला. काकांनी बॅटऱ्या बोटीतून काढल्या, चार्जरला जोडल्या आणि त्यांच्यापाशी खुर्ची टाकून बसले. पुण्याला जायची एवढी घाई असलेला माणूस, हरायची सोय आयती चालून आली होती, आणि हा राखण करत बसला. मला तेव्हाच भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

दहा वाजले. माइकवरून घोषणा झाली, "मंत्री जी निकल चुके हैं!"

काठावर एकच धावपळ. पेट्रोलवाल्यांनी इंजिनं चालू केली. कानठळ्या बसल्या, निळा धूर पसरला. मी बाईंना म्हटलं, "बाई, बॅटऱ्या आणू?"

बाई खुर्चीत बसून शेंगदाणे सोलत होत्या. "अगं, निकल चुके म्हणजे आत्ता आंघोळीला गेले असतील. सगळी नोकरी ॲन्युअल डे करण्यात गेली माझी. चीफ गेस्टचं मला शिकवू नकोस. बस इथे."

अकरा वाजले. "मंत्री जी रास्ते में हैं!" पुन्हा इंजिनं चालू, पुन्हा धूर, पुन्हा बंद. टाकीत पेट्रोल घाला, स्पार्क प्लग काढा, पुसा, लावा. साडेअकराला "बस पहुँच ही रहे हैं!" पुन्हा तेच. कॅप्टनच्या टोपीवर काळा डाग पडला होता. त्या सगळ्या मैदानावर लोक मंत्र्यांची वाट बघून कातावले होते. आम्ही तिघंच मनातल्या मनात हात जोडत होतो, अजून थोडा उशीर कर रे बाबा. कुठे रस्त्यात चहा पी, नातेवाइकांकडे जा. काकांनी लांबून बोटं वर करून दाखवली, भरतंय, भरतंय.

साडेबाराला खरोखरच लाल दिव्याची गाडी दिसली. आता पेट्रोलवाल्यांनी इंजिनं चालू केली ती बंद करायचीच नाहीत अशा तयारीने. पण मंत्र्यांना भाषण करायचं होतं. आयोजक धावत आला, हात जोडून म्हणाला, बंद करा, बंद करा, साहेबांचं ऐकू येत नाहीये. तापलेली इंजिनं बंद झाली. भाषण सुरू झालं. देशाची प्रगती, हरियाणाची प्रगती, या तळ्याची प्रगती. बाई उठल्या, हात झटकले. "आता आण," मला म्हणाल्या.

काकांनी बॅटऱ्या स्वतः आणल्या, स्वतः बसवल्या.  "पूर्ण नाही भरल्या," ते म्हणाले, "पण तिसरी फेरी बहुतेक..."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"होईल," काका म्हणाले. "तिसरी फेरी होईल."

झेंडा पडला. आणि काठावर नुसती फुर्र फुर्र. तापलेली इंजिनं, वर पेट्रोलने भिजलेली, चालू होता होईनात. दोऱ्या ओढून ओढून माणसं घामाघूम. आणि त्या गोंधळातून आमची बोट एकटी, आवाज न करता निघाली. पहिल्यांदा लोकांच्या लक्षातच आलं नाही. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, वो देखो, चल पड़ी!" पहिली फेरी ती एकटीने केली. नाक वर, मागे पांढरी शेपटी, वळणावर अंग झुकवून. मी उड्या मारत होते. मला कसलंच भान नव्हतं.

दुसऱ्या फेरीत एकदोन बोटी सुटल्या, त्या बिघडूनच. मग कॅप्टनच्या लाल बोटीचं इंजिन चालू झालं. बापरे, काय वेग तिचा! आमच्याहून कितीतरी जास्त. आमची तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा तिने एक पुरी करत आणली होती आणि मधलं पाणी झपाझप गिळत ती मागे लागली. आणि आमची मंदावायला लागली. मला कळलं, बॅटरी.  पण बाईंनी दांडी पुढे रेटली नाही. उलट मागे घेतली. शेवटच्या वळणावर बोट हळू झाली, अगदी खुणेच्या पिंपाला घासून आतल्या अंगाने वळली. लाल बोट तुफान वेगात आली, तिला ते वळण मावेना, लांबून फिरली, लाटेवर आपटली. आता समोर सरळ पाणी.

"सोड!" माझ्या कानाजवळ कोणीतरी किंचाळलं. "सोड गं, सगळं सोड!"

काका होते ते. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, चष्मा नाकावरून घसरलेला, दोन्ही मुठी हवेत.

बाईंनी दांडी पार टोकाला ढकलली. उरलंसुरलं सगळं त्या मोटरीत ओतलं गेलं. लाल बोट गुरगुरत मागून आली, बरोबरीला आली, आणि आमचं नाक हातभर पुढे असताना शेवटची रेघ पार झाली! तिथून दहा-बारा हात पुढे मोटरीतून धूर निघाला आणि बोट जागच्या जागी थांबली. मी कपड्यांसकट तळ्यात उडी मारली. पाणी गुडघ्याएवढं निघालं. सगळा जमाव हसला, मीही हसत, बोट छातीशी धरून चालत बाहेर आले.

मंत्र्यांच्या हातात चषक दिला गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो सरळ काकांच्या हातात ठेवला. "वाह साहब, इस उम्र में!"

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि वळून बाईंच्या हातात दिला. "हम तो चार्जिंगवाले हैं," म्हणाले. "चलाती ये है. बनाया भी इसीने."

कॅप्टन आले. टोपी काढली, ते मी मान्य करते. "मैडम, मोटर कौन सी है?"

"अगले इतवार घर आइए, खोल के दिखाऊँगी," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी वर्गातल्या आवाजात, "बच्चों की कैटेगरी में कौन जीता, पता चला?"

त्या दिवसाचं आमचं जेवण वाटेवरच्या ढाब्यावर झालं. बाई एका हाताने जेवत होत्या, दुसरा हात चषकावर. पुण्याचा विषय कोणी काढला नाही. मला मात्र सारखी धाकधूक, की काका आता काय करतील. दिलेला शब्द दिलेला, पण मनातून खट्टू झालेला म्हातारा माणूस घरात वावरणार, ते कसं बघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी खाली उतरले. लाइट आली होती. गॅरेजमधून कानशीची खर्र खर्र ऐकू येत होती. काका दिवाणखान्यात फोनवर होते, पुण्याला भावाशी बोलत होते, नेहमीसारखे ट्रंककॉलच्या आवाजात ओरडून.

"नाही रे, नाही येत आम्ही. त्या माणसाला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ म्हणावं... नाही, नाही, तब्येत उत्तम आहे. तिला इथे काम आहे... अरे, रिटायर झाली म्हणून काय झालं? मोटर जळलीय. दुसरी शोधायची आहे. मीसुद्धा जाणार आहे बरोबर."